स्वतःचं स्वतः शिकायचंय, नीट विचार करायलाही शिकायचंय. सुरुवात कुठून करू?

सातपुडा_पायथा
नमस्कार मंडळी. मी शहाद्याजवळच्या गावात राहते, बी.ए. झालंय, दिवसभर पतसंस्थेत काम असतं. संध्याकाळी घरचं आवरलं की थोडा वेळ मिळतो आणि हातात फोन असतो. परीक्षा द्यायची नाही, नोकरी बदलायची नाही. शाळेत गणित-विज्ञान पाठ करून सुटलं ते आता समजून घ्यायचंय. आणि दुसरं म्हणजे कुणी काही ठासून सांगितलं की ते खरं कशावरून हे कसं बघायचं ते शिकायचंय. आमच्याकडे रोज कुणीतरी फोन पुढे करून विचारतं, ताई ही पैसे दुप्पट व्हायची स्कीम खरी का, हा मेसेज खरा का. खोटं वाटतंय हे मला कळतं, पण का खोटं ते समोरच्याला पटेल असं सांगता येत नाही. इंग्रजी वाचते पण हळू. नेटवर शोधलं तर पन्नास-पन्नास लिंकांच्या याद्या मिळतात, त्यातलं पहिलं काय उघडायचं तेच समजत नाही. तुम्ही स्वतः वापरलेलं असेल तेच सांगा प्लीज.

भुसावळ_जंक्शन
ताई, एकदम मस्त विषय. मी रेल्वेत आहे, नाईट ड्युटीच्या आधी रोज थोडं बघतो. खान अकॅडमी मराठीत आहे, फुकट आहे, गणित अपूर्णांकापासून सुरू करा. पाचवीचं वाटलं तरी तिथूनच. तिथे व्हिडिओपेक्षा खालचे प्रश्न महत्त्वाचे, ते सोडवले नाही तर नुसतं बघणं म्हणजे टाईमपास.

अभ्यासिका_जळगाव
माझं मत वेगळं आहे. नुसतं इकडून तिकडून बघून काही हाती लागत नाही, क्रम लागतो. मी स्पर्धा परीक्षा करतोय म्हणून सांगतो, बालभारतीची पुस्तकं सहावी ते दहावी ओळीने वाचा, विज्ञान, भूगोल, इतिहास सगळी. पीडीएफ त्यांच्याच साईटवर फुकट आहेत. मराठीत एवढं स्वच्छ लिहिलेलं, चुका तपासलेलं, चढत्या क्रमाने लावलेलं दुसरं काही मला तरी सापडलं नाही. लोक लहान मुलांची पुस्तकं म्हणून नाक मुरडतात पण मोठेपणी वाचली की कळतं त्यात किती भरलंय ते.

सातपुडा_पायथा
@अभ्यासिका_जळगाव, हे आवडलं, पण पाच वर्षांची पुस्तकं ओळीने वाचत बसले तर माझा दम टिकेल का ही शंका आहे. तुम्हाला परीक्षेचं टेन्शन आहे म्हणून टिकतं, मला ते नाही.

केळी_कापूस
ताई मी चोपड्याकडचा शेतकरी. मला पुस्तकांचं फार माहीत नाही पण तुमचा दुसरा प्रश्न आमच्या रोजच्या जगण्यातला आहे. औषधाच्या दुकानात गेलं की नवीन टॉनिक, मारलं की कैरी (कपाशीची कच्ची बोंडं) डबल लागेल, शेजारच्याने मारलं त्याला बघा कसं पीक आलं. आता शेजाऱ्याची जमीन वेगळी, पाणी वेगळं, वाण वेगळं, मग ते टॉनिकनेच आलं कशावरून? मी काय करतो, मधल्या चार-पाच ओळी मुद्दाम सोडून देतो, तिथे टॉनिक मारत नाही, बाकी खत-पाणी सगळं सेम. वेचणीला त्या ओळींचा कापूस वेगळा मोजतो. बऱ्याचदा फरक काहीच निघत नाही आणि पुढच्या वर्षी तेवढे पैसे वाचतात. गुलाबी बोंडअळीचंही तसंच, कुणी म्हणतं म्हणून फवारायचं नाही, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढून घेणारे) लावायचे, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर फवारणीची वेळ झाली असं कृषीवाले सांगतात. मोजायचं आणि मग ठरवायचं. यालाच तुम्ही म्हणता तसा नीट विचार म्हणत असतील तर तो आम्ही वावरात शिकलो.

धुळे_मास्तर
केळी_कापूस भाऊ, तुम्ही जे करता त्याला शास्त्रात तुलनेचा गट म्हणतात आणि कॉलेजात शिकलेल्या लोकांनाही ते लवकर सुचत नाही. फक्त एक भर घाला. सोडलेल्या ओळी दरवेळी मधल्याच नकोत. बांधाजवळच्या, मधल्या, पाटाजवळच्या अशा चिठ्ठ्या टाकून निवडा. नाहीतर मधली जमीनच मुळात चांगली किंवा वाईट असेल तर निकाल फसवेल.

केळी_कापूस
सर हे डोक्यातच आलं नव्हतं. चिठ्ठ्या टाकायचं या हंगामात नक्की.

अहिरानी_पोऱ्या
भाऊ, भलतं भारी लिखं. माले बी हाई शिकनं शे. धागावर नजर ठेवी ऱ्हायनू.

तत्त्वज्ञान_अमळनेर
ताई, दुसऱ्या प्रश्नासाठी एक पुस्तक जे कुणी सुचवत नाही: अकरावी-बारावी कला शाखेचं तर्कशास्त्राचं. महाराष्ट्रात हा विषय बोर्डाला आहे, मराठीत पुस्तक आहे, तेही बालभारतीचंच आणि फुकट. विधान म्हणजे काय, अनुमान कसं काढतात, सत्यता कोष्टक (विधानं खरी-खोटी धरली तर निकाल काय येतो त्याचा तक्ता) कसं मांडतात हे अगदी शून्यापासून आहे. इंग्रजीत 'क्रिटिकल थिंकिंग' म्हणून महागडे कोर्स विकतात त्याचा पाया सगळा यात सापडतो. अकरावीचं आधी घ्या.

शिवाय आपल्याकडची जुनी न्यायपरंपरा बघा, कोर्टाचा न्याय नव्हे, तर्क कसा करायचा ते सांगणारं न्यायदर्शन, अवघड वाटते पण उदाहरण सोपं आहे. डोंगरावर आग आहे. कशावरून? धूर दिसतोय. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जशी स्वयंपाकघरात. इथेही तसाच धूर आहे. म्हणून डोंगरावर आग आहे. पाच पायऱ्या. कुणाचंही म्हणणं या पाच पायऱ्यांत बसवून बघा, कुठली पायरी गाळलीय ते लगेच दिसतं. तुमच्या स्कीमवाल्याची तिसरी पायरी हमखास गायब असते, म्हणजे 'जिथे जिथे असं केलं तिथे तिथे पैसे दुप्पट झाले' याचं एकही पडताळलेलं उदाहरण तो देत नाही.

भुसावळ_जंक्शन
पण सातपुड्यात आत्ता डिसेंबरात सकाळी धुकं असतं ना भो, लांबून धुरासारखंच दिसतं. मग आग लागली म्हणायची का?

तत्त्वज्ञान_अमळनेर
जुन्या लोकांनी याचाही विचार करून ठेवलाय! धूर आहे की धुकं याचाच संशय असेल तर कारणच सिद्ध नाही, मग पुढचं सगळं कोसळतं. याला हेत्वाभास म्हणतात, म्हणजे कारणासारखं दिसणारं पण कारण नसलेलं. त्यांचे प्रकार पाडलेत, नावं पाठ करू नका, प्रत्येकाला आपल्या आजूबाजूचं उदाहरण शोधा.

पिंपळनेरकर
मी आता पुण्यात असतो पण गाव साक्री तालुक्यातलं. तर्काचा विषय निघालाय म्हणून लिहितो, थोडं लांब होईल.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आमच्या पिंपळनेरचे, जन्म १९०१. मराठी विश्वकोशाचे ते प्रमुख संपादक. तो विश्वकोश आज पूर्ण ऑनलाईन आणि फुकट आहे, ताई तुमच्या यादीत तो पहिला असू द्या, कुठलाही शब्द अडला की आधी तिथे बघा.

आणि त्याच साक्री तालुक्यात राईनपाडा आहे. १ जुलै २०१८. बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागायला आली होती, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. कारण काय, तर फोनवर फिरणाऱ्या अफवा. त्या काळात देशभर मुलं पळवण्याचा म्हणून एक व्हिडिओ फिरत होता, तो मुळात कराचीतला, मुलांच्या सुरक्षेबद्दल लोकांना सावध करायला बनवलेला. त्यात शेवटी मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवटच कापून टाकलेला होता. एवढंच. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली.

मला हा विषय हौसेचा वाटत नाही. ताई तुमच्या काउंटरवर जो माणूस विचारतो ना 'हे खरं का', तो विचारतोय हीच मोठी गोष्ट आहे. त्याला उत्तर देता यायला हवं.

गिरणाकाठ
वाचून अंगावर काटा आला. आमच्या चाळीसगावातही त्या दिवसांत अनोळखी माणूस दिसला की पोरं घरात घ्यायचे. पिंपळनेरकर दादा, एखादा व्हिडिओ आला तर साध्या माणसाने नेमकं काय करायचं ते पण सांगा.

पिंपळनेरकर
@गिरणाकाठ ताई, व्हिडिओ थांबवून एक स्क्रीनशॉट घ्या, गुगल लेन्समध्ये टाका. हेच चित्र आधी कधी, कुठे आलं होतं ते बरेचदा तिथेच सापडतं. दुकानाच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेट, पोलिसांचा गणवेश बघा, आपल्याकडचा आहे का. मेसेजमध्ये गाव, तारीख, पोलीस स्टेशन यातलं काहीच नसेल, फक्त 'आपल्या भागात' असेल तर तिथेच थांबा. असे मेसेज तपासणाऱ्या फॅक्ट क्रेसेंडोची मराठी साईट आहे, सरकारी योजनांबद्दल असेल तर पीआयबी (केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय) यांचं फॅक्ट चेक आहे. आणि काहीच कळलं नाही तर पुढे पाठवायचं नाही, एवढं तर कुणालाही जमतं.

अभ्यासिका_जळगाव
एवढं सगळं करण्यापेक्षा आता चॅटजीपीटीला विचारलं की झालं की. मराठीत विचारा, मराठीत सांगतं.

धुळे_मास्तर
वापरा, मीही वापरतो. समजावून सांगायला चांगलं आहे, एकदा नाही कळलं तर पुन्हा सोपं करून सांगतं आणि चिडत नाही, जे आम्हा मास्तरांना कायम जमलं असं नाही. पण खरं-खोटं ठरवायला ते एकटं पुरत नाही. संदर्भ मागितले की कधी कधी अस्तित्वातच नसलेली पुस्तकं तितक्याच ठामपणे सांगतं. तेव्हा त्याने सांगितलेलं नाव, साल, आकडा विश्वकोशात नाहीतर मूळ ठिकाणी बघायचं. अजून एक, त्याला उत्तर विचारण्यापेक्षा सांगायचं की मला यावर पाच प्रश्न विचार आणि माझी उत्तरं तपास. शिकण्यासाठी हा वापर फार चांगला.

याच्याशी जोडून एक सांगतो. वाचलेलं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणं जास्त टिकतं. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर हे तपासलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून वाचल्यावर लगेच जे 'आलं, आलं' वाटतं ना, त्यावर भरवसा ठेवू नका. एक साधी वही करा, रोज झोपायच्या आधी न बघता चार ओळी.

भुसावळ_जंक्शन
सर वहीचं एकदम करेक्ट. ताई, स्कीमसाठी एक सोपा हिशोब पण घ्या. पैसे जितक्या वर्षांत दुप्पट म्हणतात त्या वर्षांनी ७२ ला भागायचं, साधारण व्याजदर मिळतो. सहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला १२ टक्क्यांच्या आसपास. आणि एका वर्षात दुप्पट असेल तर ७२ चा अंदाज चालत नाही, ते तर सरळ शंभर टक्के. मग गिऱ्हाइकालाच विचारायचं, काका असा कुठला धंदा आहे जो तुम्हाला शंभर टक्के देऊन वर स्वतःही कमावतो?

सातपुडा_पायथा
हे उद्याच वापरते! हेच पाहिजे होतं मला.

गिरणाकाठ
मला एक विचारायचंय, कुणी रागावू नका. आमच्या घरी पत्रिका बघितल्याशिवाय काही होत नाही. मी काही बोलले की सासूबाई म्हणतात अमक्याचं बरोबर निघालं, तमक्याचं बरोबर निघालं. त्यांना मी काय सांगू? भांडण नकोय.

तत्त्वज्ञान_अमळनेर
ताई, सासूबाईंशी वाद घालू नका, एक प्रयोग सांगा फक्त. जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये नरेंद्र दाभोलकर वगैरे मंडळींना बरोबर घेऊन केला होता. दोनशे मुलांच्या पत्रिका, अर्ध्या हुशार मुलांच्या, अर्ध्या मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना सांगितलं पत्रिकेवरून ओळखा कोण कुठल्या गटातलं. प्रत्येकाला चाळीस पत्रिका. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी बरोबर आली सुमारे ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवून जेवढी येतील त्याहूनही थोडी कमीच. सगळ्यात चांगलं उत्तर चाळीसपैकी चोवीस.

यात शिकण्यासारखं हे की कुणाला खोटारडं म्हटलं नाही. आधी दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी परीक्षा ठरवली, मग उत्तरं मोजली. 'अमक्याचं बरोबर निघालं' यात चुकलेली मोजली जात नाहीत, एवढंच सासूबाईंना प्रेमाने विचारा, चुकलेली किती होती?

अभ्यासिका_जळगाव
अंधश्रद्धेवर गेलो की धागा भरकटेल. ज्योतिष हा श्रद्धेचा विषय आहे, त्याला मोजमाप लावणं मला पटत नाही.

धुळे_मास्तर
मतभेद असू द्या, पण एवढं लक्षात घ्या की 'हे मूल हुशार निघेल' हे सांगणं श्रद्धेचं राहत नाही, ते खरं किंवा खोटं निघणारं विधान आहे. देवावर विश्वास ही वेगळी गोष्ट, तिची परीक्षा कुणी घेत नाही. बाकी वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे आपल्या घटनेत नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, कलम ५१अ, १९७६ पासून. तुमच्या परीक्षेलाही येतं ते.

अभ्यासिका_जळगाव
सर, विधान आणि श्रद्धा हा फरक पटला. ज्योतिषाबद्दल अजून विचार करतो.

केळी_कापूस
काय मंडळी, थंडी पडलीय, वांगी भरपूर आलीत आणि तुम्ही पत्रिकेवर बोलून राहिले. भरीताच्या पार्टीला या सगळे. आणि हो, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलंच खरं भरीत, गॅसवरचं नुसतं वांग्याचा गाळ.

भुसावळ_जंक्शन
शंभर टक्के! डोळे बांधून दिलं तरी ओळखीन मी.

गिरणाकाठ
मी गॅसवर करते आणि घरात कुणी ओळखत नाही. शेंगदाणे, कांद्याची पात आणि मिरची बरोबर पडली की झालं. लोक उगीच सांगतात.

धुळे_मास्तर
आता आली ना खरी परीक्षा! इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर नावाचे संख्याशास्त्रज्ञ रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात होते. केळी_कापूस भाऊ, चिठ्ठ्या टाकून वाफे निवडायची पद्धत यांनीच रुजवली. तिथे एक बाई म्हणाल्या, चहात दूध आधी घातलं की नंतर हे मी चवीवरून ओळखते. फिशरनी आठ कप मांडले, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठीने. १९३५ च्या पुस्तकात त्यांनी यावर अख्खं प्रकरण लिहिलं. आठातून चार निवडायचे सत्तर प्रकार होतात, त्यातला एकच पूर्ण बरोबर. म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर यायची शक्यता सत्तरात एक.

तेव्हा आठ वाट्या. चार काड्यांवरच्या, चार गॅसवरच्या. वाढणाऱ्यालाही माहीत नको कुठली कुठली, नाहीतर चेहऱ्यावरून कळतं. कोणती चार काड्यांवरची ते भुसावळने सांगायचं.

भुसावळ_जंक्शन
तयार! कळण्याची भाकरी पाहिजे सोबत.

अहिरानी_पोऱ्या
मी वाट्या लयस. मी बी येस.

सातपुडा_पायथा
तुमची पार्टी होईपर्यंत माझं काय झालं ते सांगते. अकरावीचं तर्कशास्त्र उघडलं, पहिली दोन प्रकरणं झाली, वहीत न बघता लिहिते आणि पहिल्यांदा जे आठवत नाही ते दुसऱ्या दिवशी आधी बघते. खान अकॅडमीत अपूर्णांक चालू आहेत. ओळीने सगळं वाचण्यापेक्षा मला एकेक प्रश्न धरून जाणं जमतंय. म्हणजे व्याजाचा प्रश्न आला, त्यासाठी टक्केवारी, त्यासाठी अपूर्णांक, असं मागे मागे जाते. @अभ्यासिका_जळगाव तुमचीच पुस्तकं वापरते पण शेवटाकडून सुरुवातीकडे 🙂

७२ चा हिशोब एका काकांना करून दाखवला. ते म्हणाले म्हणजे आधीच्याला नंतरच्याचे पैसे देतात का काय? मी काहीच बोलले नव्हते. स्वतःच तिथपर्यंत आले.

पिंपळनेरकर
हे वाचून फार बरं वाटलं ताई. पुढे जमेल तेव्हा नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पुस्तकं बघा, ती शिक्षक समोर नाही असं धरूनच लिहिलेली असतात. आणि इंग्रजीचा हात बसला की स्वयम् आणि एनपीटेल, हे ऑनलाईन कोर्स. शिकणं फुकट, सर्टिफिकेट पाहिजे असेल तरच परीक्षेची फी.

गिरणाकाठ
लहान मुलं असतील तर अरविंद गुप्तांची साईट, कचऱ्यातून खेळणी, बरीच मराठीतही आहेत. माझी मुलगी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे आकार करून बसते, त्रिकोण हलत नाही आणि चौकोन का हलतो ते तिने मला दाखवलं.

केळी_कापूस
पार्टी झाली! मळ्यात. निकाल सांगू का भुसावळ?

भुसावळ_जंक्शन
सांगा, लपवण्यासारखं काही नाही. चारपैकी तीन बरोबर. चौथी वाटी गॅसवरची निघाली पण तिच्यात मिरची मस्त पडली होती.

अभ्यासिका_जळगाव
म्हणजे ओळखता येतं, सिद्ध झालं.

सातपुडा_पायथा
थांबा थांबा, मी कागदावर मांडून बघितलं. चारातून तीन बरोबर निवडायचे प्रकार चार, आणि चुकलेली एक निवडायचे प्रकार चार, म्हणजे सोळा. त्यात सगळे बरोबर असण्याचा एक, सतरा. सत्तरात सतरा म्हणजे जवळजवळ चारात एकदा, एवढं तर नुसत्या अंदाजानेही येईल. बरोबर का सर?

धुळे_मास्तर
अगदी बरोबर. ओळखता येत नाही असं नाही, पण येतं असंही म्हणता येणार नाही. आणि मिरची वेगवेगळी पडली हा आपल्या प्रयोगातला दोष, एकाच खलबत्त्यात सगळी मिरची कुटून मग दोन भाग करायला हवे होते.

गिरणाकाठ
पुढच्या वेळी वांगी एकाच झाडाची घ्या, मिरची-मीठ मी करते. आणि काड्यांचा धुराचा वास हाताला राहतो, म्हणून भाजणारा माणूस वाढायला नको.

केळी_कापूस
वांगी अजून महिनाभर आहेत. संक्रांतीनंतरचा रविवार धरा, वाट्या सोळा आणा.